घरची भाषा आणि शाळेची भाषा : मुंबई इलाख्यातील बहुभाषिक शिक्षणाची वाटचाल

महाराष्ट्रातील जैन समाजाची भाषा कोणती, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोल्हापूर-सांगली भागातील शेतकरी जैन कुटुंबे पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आली आहेत. चिकोडी-बेळगावकडे वळले, की त्याच नात्यागोत्यांतील घरांत कन्नड ऐकू येते. मुंबईच्या पेढ्यांवर गुजराती आणि कच्छी, खानदेश-मराठवाड्याच्या बाजारपेठांत प्रामुख्याने मारवाडी, तर विदर्भातील जुन्या जैन घराण्यांत पुन्हा मराठी. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात राहतात. धर्म एक, आचार बव्हंशी एक. परंतु आईच्या तोंडची भाषा मात्र चार-पाच प्रकारची! अशा समाजातील मूल शाळेत जाते, तेव्हा ते कोणत्या भाषेत शिकते, आणि त्या शिक्षणात त्याच्या घरच्या भाषेचे काय होते, हा प्रश्न आजचा नाही. मुंबई इलाख्यात तो दोनशे वर्षांपासून विचारला जात आहे.

इंग्रजी अंमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण त्या शाळा मुळातच गरजेपुरत्या होत्या. व्यापाऱ्याच्या मुलाला लिहिता यावे, हिशेब ठेवता यावा आणि तोंडी गणित बिनचूक यावे, एवढीच अपेक्षा असे. त्यासाठी पाढ्यांचे जे पाठांतर करून घेतले जाई, ते भाषेच्या सीमा ओलांडणारे होते. मराठी मुलाची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, तीच थोड्या निराळ्या उच्चाराने गुजराती मुलाचीही. औट म्हणजे साडेतीन. गुजरातीत त्याला ‘ऊठां’ म्हणतात आणि एखाद्याला फसविणे यासाठी ‘ऊठां भणाववां’ असा वाक्प्रचारही तेथे रूढ झाला आहे. लिपी मात्र वेगवेगळ्या होत्या. मराठी दप्तर मोडीत, पोथी बाळबोधात, गुजराती वाणिकेत आणि मारवाडी वही महाजनीत. महाजनीत काना-मात्रा देण्याची चाल नसल्याने ‘काकाजी अजमेर गया’ हा मजकूर ‘काकाजी आज मर गया’ असा वाचला जाऊन घरात रडारड झाल्याची गोष्ट व्यापारी घरांत अजूनही हसत हसत सांगितली जाते. एकाच मुलाला दोन-तीन लिप्या येणे ही त्या काळी विद्वत्ता मानली जात नसे. तो धंद्याचा भाग होता.

१८१८ साली पेशवाई संपुष्टात आली आणि मराठी, गुजराती व कन्नड बोलणारा विस्तीर्ण प्रदेश एका इलाख्याखाली आला. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२२ मध्ये, देशी शाळा व शालापुस्तके यांसाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. पुढे १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली गेली. या मंडळीचा आरंभीचा निर्णय पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला : शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावयाचे. पण लोकांची भाषा तर एक नव्हती. म्हणून पुस्तके एकाच वेळी दोन भाषांत तयार होऊ लागली. मराठीचे काम कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याभोवती चाले. गुजरातीची बाजू भडोचहून मुंबईस आलेले रणछोडदास गिरधरभाई झवेरी सांभाळत. गणिताची पुस्तके आधी मराठीत उतरत आणि त्याच आधाराने गुजरातीत जात. १८२६ च्या सुमारास मुंबईत तयार झालेले शिक्षक दख्खन-कोकणात तसेच सुरत-भडोचकडे पाठविण्यात आले. मराठी आणि गुजराती शालेय गद्य हे अशा रीतीने एकाच घरात वाढलेले भावंड होय, ही गोष्ट दोन्ही भाषांच्या इतिहासकारांकडून बहुधा पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही.

याच संस्थेच्या कामात वाढलेले बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानाचा एक स्तंभ इंग्रजी आणि दुसरा मराठी असे. वाचकाने एकातून दुसऱ्यात जावे, ही त्यामागची योजना. एक भाषा काढून तिच्या जागी दुसरी बसवावयाची नाही, तर दोन्ही समोरासमोर ठेवावयाच्या, हा विचार त्या वेळी मुंबईत होता, याची नोंद घेतली पाहिजे. कारण थोड्याच वर्षांत तो पणास लागला.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचा कारभार ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’कडे सोपविला. १८४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी हेच माध्यम असावे, असे त्यांचे ठाम मत होते. देशी भाषांत पाश्चात्त्य शास्त्रे सांगण्याजोगी पुस्तके नाहीत, आणि त्या भाषा अनेक असल्याने प्रत्येकीसाठी वेगळा खर्च परवडणारा नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे. बोर्डावरील तिघे भारतीय सभासद, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, यांनी कर्नल जर्व्हिस यांच्या साथीने त्यास विरोध केला. एक दैवज्ञ, एक पारशी, एक कोकणी मुसलमान : तिघांच्या घरच्या परंपरा निराळ्या, तरी मागणी एकच. शंकरशेट स्वतः इंग्रजी शिक्षणाचे मोठे पुरस्कर्ते होते, हे विसरून चालणार नाही. १८४७ मधील आपल्या टिपणात त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता : बहुजनांपर्यंत ज्ञान न्यावयाचे असेल, तर ते त्यांच्याच भाषेतून नेता येईल, परक्या भाषेवर प्रभुत्व मिळविण्याइतकी सवड फार थोड्यांना असते. बंगालमध्ये १८३५ चा वाद संस्कृत-अरबी विरुद्ध इंग्रजी असा होता. मुंबईत वाद मातृभाषा विरुद्ध इंग्रजी असा झाला, आणि तो अधिक खोल जाणारा होता. शेवटी तडजोड होऊन खालचे शिक्षण देशी भाषेत व वरचे इंग्रजीत, अशी वाटणी झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तीच व्यवस्था सर्व देशासाठी कायम केली.

या वाटणीत मातृभाषेचा विजय झाला, असे म्हणावे तर एक अडचण आहे. मातृभाषा म्हणजे कोणाची? इलाख्याच्या दक्षिणेकडील धारवाड, बेळगाव, कलादगी या भागांत लोक कन्नड बोलत. पण पेशवाईपासून कारभाराची भाषा मराठी होती, दप्तर मोडीत होते, आणि शाळा निघाल्या त्याही पुष्कळ ठिकाणी मराठी. कन्नड घरातील मूल मराठी मास्तरांपुढे बसून मराठी क्रमिक पुस्तक वाचू लागले. ज्यांनी मुंबईत इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध लढा दिला, त्यांचीच भाषा धारवाडात वर्चस्वाची भाषा ठरली. या परिस्थितीत पालट घडविण्याचे श्रेय शिक्षणखात्यातील अधिकारी चन्नबसप्पा यांना दिले जाते. कर्नाटकात ते ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी तेथे कन्नड शाळा वाढल्या. मराठी वाचकांनी हे प्रकरण संकोच न बाळगता वाचावे, अशा योग्यतेचे आहे.

भाषांच्या अशा शेजाराला या भागात फार जुनी परंपरा आहे. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांशी चामुंडरायाने मूर्ती करविल्याचे विधान कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. त्यातील मराठी ओळींच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. गंगराजाचा उल्लेख असलेली ओळ बाराव्या शतकातील मानली जाते. काळ कोणताही असो, दर्शनास येणारा यात्रेकरू आपापल्या भाषेत वाचील, ही काळजी कोरविणाऱ्याने घेतली होती.

शिक्षकाच्या दृष्टीने पाहता शेजारच्या भाषाही सारख्या अंतरावर नसतात. गुजराती मुलाला मराठीतील तीन लिंगे जड जात नाहीत, कारण त्याच्याही भाषेत तीनच आहेत. ‘ळ’ही त्याच्या परिचयाचा. त्याला अडते ते शिरोरेखेपाशी आणि ‘च’, ‘ज’च्या दुहेरी उच्चारांपाशी. कन्नड मुलाचे नेमके उलट. त्याच्या भाषेत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. मग दरवाजा ‘तो’, खिडकी ‘ती’ आणि कुलूप ‘ते’ कसे, हे त्याला समजत नाही, आणि खरे पाहता त्याला पटण्याजोगे कारण मराठी शिक्षकापाशीही नसते. अशा मुलाची चूक ही मंदबुद्धीची नसून त्याच्या भाषेच्या नियमाशी त्याने राखलेल्या इमानाची असते. हे ओळखणारा शिक्षक ज्याला लाभला त्याचे शिक्षण सुखाचे झाले. ज्याला लाभला नाही त्याच्या वाट्याला छडी आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात निघालेल्या वसतिगृहांनी या प्रश्नाला निराळे वळण दिले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांप्रमाणेच दिगंबर जैन विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह सुरू झाले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने हे कार्य पुढे सांगली, बेळगाव, हुबळी येथवर नेले. सभेचे नाव महाराष्ट्राचे. पण तिचा समाज मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलुखांत पसरलेला. खेड्यातून आलेली दोन भाषांची मुले एका पंक्तीस जेवू लागली, एका खोलीत अभ्यास करू लागली. भाषाशिक्षणाची कोणतीही पद्धत न शिकविता वसतिगृहाने जे साधले, ते पुष्कळ शाळांना साधले नाही. सभेचे एक धुरीण अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. कोल्हापूरच्या त्याच जैन वसतिगृहात काही काळ राहिलेले कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. समाजासमाजाची वेगळी वसतिगृहे ही त्या काळाची गरज होती. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल उचलले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

या परिसराने घडविलेल्या बहुभाषिक विद्वत्तेचे उदाहरण म्हणजे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा हे त्यांचे जन्मगाव आणि घरची भाषा कन्नड. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात, मराठी भाषक विद्यार्थ्यांत, अर्धमागधीचे अध्यापन केले. ‘प्रवचनसार’, ‘परमात्मप्रकाश’ यांसारख्या ग्रंथांना त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी प्रस्तावना जगभरच्या अभ्यासकांनी प्रमाण मानल्या. आणि १९६७ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. कन्नड, मराठी, इंग्रजी, संस्कृत आणि प्राकृत यांपैकी एकीसाठी दुसरी सोडावी लागली, असे त्यांच्या चरित्रात कोठे दिसत नाही.

उच्च शिक्षणही मातृभाषेत देता येईल, हे प्रत्यक्ष करून दाखविण्याचे धाडस महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी केले. १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगणे येथे त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. इंग्रजी हा विषय आवश्यक, परंतु शिकविण्याचे माध्यम मातृभाषा, अशी त्याची घडण होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पुण्याच्या एका कोकणस्थ प्राध्यापकाची कल्पना आणि मुंबईच्या गुजराती भाटिया उद्योगपतीचे धन यांच्या संयोगातून उभ्या राहिलेल्या या संस्थेत मराठी आणि गुजराती ही दोन्ही माध्यमे शेजारी शेजारी नांदली. पदव्यांची नावेही देशी होती : ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’. सरकारी मान्यता मात्र स्वातंत्र्यानंतरच लाभली. तोपर्यंतच्या तीन दशकांत मान्यता नसलेली पदवी घेण्यासाठी ज्या मुली तेथे गेल्या आणि ज्या पालकांनी त्यांना पाठविले, त्यांच्या धैर्याची मोजदाद कोणी केलेली नाही. इंग्रजीतून शिकण्याची सवड अगर परवानगी नसलेल्या कितीतरी गुजराती आणि मराठी घरांतील स्त्रिया केवळ या व्यवस्थेमुळे पदवीधर होऊ शकल्या.

मराठी आणि गुजराती यांमधील ये-जा बालशिक्षणात तर अधिकच फलदायी ठरली. ताराबाई मोडक मूळच्या मराठी. पण भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले ते गुजरातीत. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे ते त्यांनी मराठीत आणले. पुढे १९४५ मध्ये, अनुताई वाघ यांना सोबत घेऊन, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. १९५७ मध्ये तो कोसबाडच्या टेकडीवर गेला. हा प्रदेश आज पालघर जिल्ह्यात आहे. येथील वारली मुलाच्या घरी वारली बोली, बाजारात गुजराती, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. मूल शाळेत येत नाही, याचे खापर त्याच्या आळसावर फोडणे सोपे होते. ताराबाई-अनुताईंनी ते केले नाही; त्या शाळाच पाड्यावर घेऊन गेल्या. झोपडीपुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आसपासची पाने, दगड, बिया हीच साधने झाली. मुलाने प्रथम बोलावे, मोकळे व्हावे. अक्षरे त्यामागून येतील, हा तेथील क्रम होता. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

कायद्याचा इतिहास तुलनेने कोरडा आहे, पण त्यातील काही वळणे आपल्या शाळांच्या दारापर्यंत येतात. १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरविले, की प्राथमिक शाळेत एखाद्या भाषेचे चाळीस किंवा एका वर्गात दहा विद्यार्थी असतील, तर त्यांच्या मातृभाषेतून शिकविणारा शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क दाखल होऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय पुरविण्याची जबाबदारी राज्यांवर आली. त्याच वर्षी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि १ मे १९६० रोजी ते विभागले गेले. त्या एका दिवसात मुंबईचे गुजराती भाषक महाराष्ट्रात, आणि बडोद्याचे मराठी भाषक गुजरातेत, भाषिक अल्पसंख्याक ठरले. घरे जागच्या जागीच होती. सीमा हलली होती.

मातृभाषेचा आग्रह सक्तीने धरला, की तो न्यायालयात टिकत नाही, हेही या राज्याने लवकर अनुभवले. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्यावाचून इतर मुलांना प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांबरोबर पालकही न्यायालयात गेले. त्यांपैकी एक गुजराती हिंदू डॉक्टर होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरविला. साठ वर्षांनी, २०१४ मध्ये, कर्नाटक सरकारच्या बाबतीतही घटनापीठाने हाच कौल दिला : माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे. दुसरीकडे, महाराष्ट्रातील गुजराती भाषिक शाळांच्या वतीने पाचवी ते दहावी मराठी विषय सक्तीचा करण्यास जे आव्हान दिले गेले, ते २००४ मध्ये फेटाळण्यात आले. राज्याची भाषा शिकण्यास नकार देणे हा अल्पसंख्याकांच्या हक्काचा भाग होऊ शकत नाही, असे न्यायालयाने मानले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले, तरच चित्र पूर्ण होते. निकाल विरोधात गेला म्हणून त्या वेळी हळहळणाऱ्या संस्थांपैकी कोणाचीही मुले मराठी शिकल्याने गुजराती विसरली नाहीत. गुजराती मागे पडली ती अन्य कारणाने.

ते कारण कोणत्याही शासकीय आदेशात सापडणार नाही. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालविल्या, ही जगात फार थोड्या शहरांना सांगता येण्याजोगी गोष्ट आहे. परंतु मुलांची रांग इंग्रजी वर्गापुढे लागली. २००० मध्ये राज्याने मराठी व अन्य माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला, तरी ओढा थांबला नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर मोठे वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्हींची बाजू मांडणारे त्या वादात हिरिरीने बोलले. पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या मारवाडी, कच्छी, वारली किंवा कन्नड घरातील मुलाच्या चौथ्या भाषेबद्दल क्वचितच कोणी बोलले.

त्या चौथ्या भाषेचा पत्ता आता शाळेत नव्हे, तर सायंकाळच्या पाठशाळेत लागतो. तेथे प्रतिक्रमणाची सूत्रे प्राकृतातच म्हटली जातात. अर्थ गुजराती, हिंदी किंवा मराठीत सांगितला जातो. पूर्वी सूत्रांची पुस्तके गुजराती किंवा देवनागरी लिपीत असत. आता रोमन लिपीत छापलेलीही मिळतात, कारण आजीची भाषा कानाला कळते पण तिची लिपी डोळ्यांना येत नाही, अशी मुले वर्गात बसतात. ती सूत्र अचूक म्हणतात, आणि आजीने स्वतःच्या हाताने लिहिलेली स्तवनांची वही मात्र तिलाच वाचून दाखवावी लागते.